पानाच्या तळाशी लिहिलेलं नाव

उरायासु

जपानमध्ये मी तीन महिने राहिले. त्यातले चार दिवस सोडले, तर सांगण्यासारखं मी काहीच केलं नाही. लेकीच्या घरी राहिले, नातीला शाळेत पोचवलं आणि कचरा वेगळा करायला शिकले. शेवटचं काम मला कधीच नीट जमलं नाही. दह्याचा डबा कुठल्या पिशवीत जातो यावर सात वर्षांची ईरा माझी रोज उलटतपासणी घ्यायची. मी मराठीत बाजू मांडायचे, ती जपानीत निकाल द्यायची. "आजी, चिगाउ!" म्हणजे चूक.

मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आडनाव साने. इथे प्रत्येकाच्या नावाला 'सान' लावतात, म्हणून मी झाले साने-सान. हे ऐकून माझी मुलगी मृण्मयी दर वेळी हसायची, जपानी माणसं मात्र गंभीरपणे वाकायची.

उरायासु हे भराव टाकून केलेलं गाव. मोठ्या भूकंपात इथली जमीन पातळ होऊन वर आली होती. मी गेले तेव्हा त्याला चार वर्षं झाली होती, तरी मृण्मयीच्या इमारतीमागे गटाराचं एक सिमेंटचं नळकांडं झाकणासकट जमिनीतून कमरेइतकं वर आलेलं तसंच उभं होतं. कुणी त्याला कुंपण घातलं होतं, कुणी शेजारी कुंडी ठेवली होती. त्याच्या अवतीभोवती मुलं खेळायची. मला तिथून जाताना दर वेळी वाटायचं, खालून कुणीतरी मान वर काढून बघतंय.

एका संध्याकाळी मृण्मयी ऑफिसातून आली आणि बूट काढता काढताच म्हणाली, "आई, तू ती जुनी इंग्लिश हँडरायटिंग वाचायचीस ना? रेकॉर्ड रूममधली?"

वाचायचे. जमिनीचे जुने दावे चालवताना कंपनी सरकारच्या काळातले कागद समोर यायचे. वेलीसारखी गुंतलेली ती अक्षरं कोर्टात फार जणांना लागत नसत, मला लागायची.

तिच्या टीममधल्या एका मुलाची मावशी, ओनोदेरा-सान, ईशान्येकडच्या किनाऱ्यावर राहायची. निवृत्त इंग्रजी शिक्षिका. त्सुनामीनंतर चिखलातून निघालेले गावातले जुने कागद धुऊन वाळवणाऱ्या गटात ती काम करत होती. त्या कागदांमध्ये एक इंग्रजी वही सापडली होती. छापील इंग्रजी ओनोदेरा-सानला उत्तम यायचं, पण हे हस्ताक्षर कुणालाच लागत नव्हतं. वही कोर्टाची असावी एवढंच कळत होतं.

"जाशील?" मृण्मयीने विचारलं. "एकटी जमेल?"

दह्याच्या डब्यांपासून चार दिवस सुटका मिळत होती. मी हो म्हटलं.

किनारा

वेगवान गाडी, मग साधी गाडी, मग बस. ही बस रस्त्यावरून नाही, रेल्वेच्या जुन्या मार्गावरून धावते. रूळ लाटेने उचलून नेले, ते पुन्हा टाकले नाहीत, त्या पट्ट्यावर डांबर ओतलं. त्यामुळे बस बोगद्यातून जाते आणि फलाटाला लागते. प्रवासी तीन-चार. प्रत्येक थांब्याला नाव पुकारलं जायचं, दार उघडायचं, बाहेर नुसती सपाट जमीन दिसायची, दार मिटायचं.

ओनोदेरा-सान थांब्यावर उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, लहान चणीची, ताठ बाई. त्यांचं इंग्रजी शाळेत शिकवायचं तसं, प्रत्येक शब्द सुटा.

"तुम्ही दमला असाल," त्या म्हणाल्या. "आधी जेवा. मेलेली माणसं थांबतात, भात थांबत नाही."

मला वाटलं, त्यांचं इंग्रजी घसरलं. तसं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

गाव खाली होतं, म्हणजे खाली असायला हवं होतं. डोंगर कापून आणलेली माती तिथे ओतत होते, दोन मजली घराएवढी उंच आणि वर सपाट. याच्यावर नवं गाव बसवणार होते. जुनं गाव त्या मातीखाली. टेकडीवरच्या बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात तात्पुरत्या घरांच्या रांगा होत्या, त्यातल्या एकात ओनोदेरा-सान राहायच्या. दोन खोल्या, भिंती इतक्या पातळ की शेजारचे आजोबा खोकले की आमचा चमचा हलायचा.

जेवणात मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी टोफू केला, पण सवयीने वर सुक्या माशाचे पातळ पापुद्रे टाकले. गरम वाफ लागताच ते पापुद्रे हलायला लागले. वळवळत होते, आखडत होते, पुन्हा उलगडत होते. मी चमचा खाली ठेवला. ओनोदेरा-सानच्या ते ध्यानात आलं आणि त्या इतक्या शरमल्या की मलाच वाईट वाटलं. शेवटी मी पिशवीतून मेतकूट काढलं आणि गरम भातावर घालून दोघींनी खाल्लं. "शिक्षिकेच्या खडूसारखं दिसतं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शाळा

कागदांचं काम शाळेतच चालायचं. पहिलीच्या वर्गात दोऱ्या बांधून त्यावर पानं वाळत घातलेली. जमिनीचे उतारे, शाळेची हजेरीपत्रकं, लग्नाचे फोटो, कुणाच्या तरी पाककृती. पंखे मंद फिरत होते, सगळी पानं एकदम श्वास घेतल्यासारखी हलायची. वास समुद्राचा, बुरशीचा आणि स्पिरिटचा.

गटाचे प्रमुख कान्नो-सान. पासष्टीचे, सडपातळ, निळं जाकीट घातलेले. पूर्वी गावच्या कचेरीत होते. ते बोलत नसत. त्यांनी मऊ कापडावर ठेवलेली वही माझ्यासमोर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. आणखी दोन बायका ब्रशने चिखल काढत होत्या.

वहीची कथा ओनोदेरा-सानने सांगितली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला अमेरिकेहून एक बाई आली. तिला सगळे एरेन-सेन्सेई, म्हणजे एरेन-बाई म्हणायचे. ती इथेच म्हातारी झाली, इथेच वारली. तिच्या पणजोबांची ही वही. ते अमेरिकेतल्या एका कोवळ्या राज्यात न्यायाधीश होते आणि गव्हर्नरही, एवढं ती विद्यार्थिनींना सांगायची. वही वाचनालयाच्या कपाटात पडून राहिली. लाटेनंतर ती एका बोटीच्या पोटात सापडली. कागद सडू नयेत म्हणून दूरच्या गावातल्या मासळीच्या शीतगृहात ती दोन वर्षं गोठवून ठेवली होती.

कान्नो-सान काहीतरी म्हणाले. ओनोदेरा-सानने भाषांतर केलं. "ते विचारतात, हे काय आहे? पानं त्यांनी धुतली. त्यांना वाचता येत नाही, पण हा आकार ते ओळखतात. सुरुवातीची पानं सोडली तर प्रत्येक पानाच्या तळाशी हाच आकार."

मी भिंग लावलं. शाई तपकिरी होऊन पसरली होती, पण हात वळणदार होता.

"नाव आहे," मी म्हणाले. "सायलस टर्न. आणि पुढे, हजर."

"कोर्टाचा शिपाई?" ओनोदेरा-सानने विचारलं.

"असेल. आमच्याकडेही उपस्थितांची नोंद असते."

कान्नो-सानने ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. सायरस. सायरस-सान.

तीन वाजता चहा झाला. कान्नो-सानने स्वतः पेले मांडले. आम्ही पाच जण होतो. पेले अकरा. सगळ्यांत चहा ओतला गेला, सगळ्यांतून वाफ निघाली. पाच आम्ही उचलले. बाकीचे सहा खिडकीकडच्या लहान मुलांच्या बाकावर ओळीने तसेच राहिले, आणि निवल्यावर कान्नो-सानने ते बाहेर नेऊन मातीत ओतले. आमच्याकडे पितृपक्षात पान वाढून ठेवतात ते मला आठवलं. पण पितृपक्ष वर्षातून एकदा येतो. इथे हे रोज होत असावं, कारण बाकाच्या लाकडावर सहा गोल डाग पडलेले होते.

गव्हर्नरसाहेब

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वाचायला बसले. मी इंग्रजी मोठ्याने वाचायचे, ओनोदेरा-सान जपानीत सांगायच्या, कान्नो-सान ऐकायचे.

सुरुवातीला मला मजा आली. हा माणूस ओळखीचा वाटला. वकिलाच्या कचेरीत नकला करत शिकलेला, मग खोगिराच्या पिशवीत कायद्याची चार पुस्तकं घालून डोंगरापलीकडे गेलेला. तिथे त्याला न्यायाधीश केलं. कोर्ट म्हणजे ओंडक्यांची खोली. वर्षातले निम्मे दिवस तो घोड्यावरून गावोगाव फिरून खटले चालवायचा. हद्दीची झाडं कुणी तोडली, डुकरं कुणाची, गिरणीचं पाणी कुणी अडवलं. घोड्याबद्दल तक्रारी, ओल्या मोज्यांबद्दल तक्रारी. माझ्या पहिल्या तालुक्याच्या कोर्टात छप्पर गळायचं आणि मी छत्री उघडून साक्ष नोंदवली होती. मी ते सांगितल्यावर ओनोदेरा-सान मनापासून हसल्या.

अजून पानांच्या तळाशी ते नाव नव्हतं. कान्नो-सान मात्र प्रत्येक पान उलटताना तळच बघत होते.

मग एका पानावर नाव आलं, पण वर, मजकुरात. सायलस टर्न, नावाड्याकडे कामाला असलेला माणूस. नावाड्याच्या खुनाचा आरोप. साक्षी दोन. ज्यूरीने दोषी ठरवलं, आणि आमच्या न्यायाधीशाने त्याला मरेपर्यंत फासावर लटकवण्याची शिक्षा दिली. पुढे लिहिलं होतं, 'कैद्याने माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाला नाही.'

ओनोदेरा-सान थांबल्या. "पण हा तर पुढच्या प्रत्येक पानावर हजर आहे."

"पुढे बघू," मी म्हणाले.

शिक्षेची तारीख लांब होती. तेवढ्यात राज्यात निवडणूक झाली आणि न्यायाधीश गव्हर्नर झाले. राजधानी म्हणजे खेडंच. कायदेमंडळाचे लोक त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसून भांडायचे. राजधानी हलवायची की नाही, यावर पानंच्या पानं भरली होती. त्या गर्दीत एक ओळ. 'टर्नच्या गावच्या लोकांचा दयेचा अर्ज आला. सवडीने वाचण्यासाठी खणात ठेवला.'

आमच्याकडे शिक्षा देणाऱ्याचं टेबल वेगळं आणि दया करणाऱ्याचं वेगळं. मी निकालावर सही करायचे तेव्हा तो मला आधार वाटायचा. आपल्यावर हायकोर्ट आहे, त्यावर सुप्रीम कोर्ट, मग राज्यपाल, राष्ट्रपती. या माणसाच्या आयुष्यात दोन्ही टेबलं एकच झाली होती.

आठ पानं राजधानीचं भांडण. मग, 'आज खणात मोहोरेची लाख शोधताना टर्नचा अर्ज हाती आला. फाशी परवाच झाली. अर्ज वाचला.' अर्जात काय होतं ते त्याने लिहिलं नव्हतं. तो निर्दोष होता की नाही, हे वहीत कुठेच नाही.

मी पान उलटलं. स्वयंपाकघरातली बैठक. उपस्थित सभासदांची नावं एकाखाली एक. आणि सगळ्यांच्या खाली, त्याच हाताने, त्याच शाईने,

'सायलस टर्न, हजर.'

मी पुढचं पान पाहिलं. त्याच्या पुढचं पाहिलं. गव्हर्नरकीची मुदत संपली, ते पुन्हा न्यायासनावर गेले, राज्याच्या मोठ्या कोर्टात. दावे, अपिलं, निकाल. वकील बदलले, कारकून बदलले. तळाचं नाव बदललं नाही. त्यावर एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. भीती नाही, पश्चात्ताप नाही. नुसती नोंद, जशी आम्ही सगळे करतो तशी.

दोऱ्यांवरची पानं हलत होती. ओनोदेरा-सानने सांगून संपवलं. कान्नो-सान उठले, वाकून नमस्कार केला आणि वर्गाबाहेर गेले.

धुकं

दुपारी डोकं जड झालं म्हणून मी एकटी खाली चालत गेले. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्राकडून थंड वारा येतो आणि बरोबर धुकं आणतो. मला हे कुणीतरी सांगितलं होतं, पण मी महाबळेश्वरचं धुकं धरून चालले होते. ते येतं, भिजवतं, जातं. हे तसं नव्हतं. ते जमिनीला चिकटून आलं आणि दहा मिनिटांत मला माझे बूट दिसेनात.

मी त्या ओतलेल्या मातीच्या उंचवट्यांच्या मधे होते. यंत्रं बंद पडली होती. कामगारांनी दोऱ्या बांधून खुणा केल्या होत्या, त्यातली एक धरून मी चालले तर ती एका पायरीशी संपली. तीन पायऱ्या, त्यावर निळ्या फरशीचा चौकोन, जिथे बूट काढायचे ती जागा. घर नाही. मी तिथे थांबले, कारण पुढे काय आहे ते दिसत नव्हतं.

तेव्हा आवाज आला. पुरुषाचा, सावकाश. एक नाव, मग शांतता. दुसरं नाव, मग शांतता. शाळेत हजेरी घेतात तसं, उत्तरासाठी जागा सोडून. आवाज जवळ येत होता. मी सहा नावं मोजली. बायकांची, पुरुषांची, एक लहान मुलाला हाक मारावी तसं. सहाव्या नावानंतरची शांतता फार लांबली. मी आयुष्यभर मृत्यूचे पुरावे तपासले, पण त्या पायरीवर मला वाटलं की आता कुणीतरी 'हो' म्हणेल, आणि अगदी माझ्या शेजारून म्हणेल.

मग सातवं नाव आलं. "साने-सान."

त्या यादीत माझं नाव होतं आणि मला ओ द्यायची नव्हती.

"साने-सान."

"हो," मी मराठीतच ओरडले. "इथे आहे! मी इथे आहे!"

धुक्यातून निळं जाकीट बाहेर आलं. कान्नो-सान मला शोधायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुणी ओ दिली होती. त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली आणि वर शाळेपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी ओनोदेरा-सानने तांदळाच्या गोळ्यांत खारवलेलं आंबट फळ भरता भरता मला सगळं सांगितलं. त्या दिवशी कान्नो-सान कचेरीत होते. जमीन हलल्यावर त्यांनी शेजारच्या सहा जणांना समाजमंदिरात थांबायला सांगितलं. नकाशात तीच जागा सुरक्षित म्हणून दाखवलेली होती. ते डोंगराकडे निघाले होते, त्यांना त्यांनी परत बोलावलं. मग कान्नो-सान आणखी लोकांना सांगायला वरच्या रस्त्याला गेले, आणि वाचले; समाजमंदिर लाटेने नेलं.

"नकाशा चुकीचा होता," मी म्हणाले. "त्यांचा दोष नाही."

"सगळ्यांनी हेच सांगितलं. त्या सहांच्या घरच्यांनीसुद्धा." त्यांनी हात पुसले. "साने-सान, वहीची शेवटची पानं चिकटलेली आहेत. उद्या ते ती सोडवणार. शेवटी जर ते नाव असेलच, तर तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. तो यायचा थांबला म्हणून सांगा. तुम्ही जे सांगाल तेच मी जपानीत सांगेन. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. त्यांचं कुठेतरी संपायला हवं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि का कोण जाणे, जे मी नवऱ्यालाही कधी पुरतं सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

मी एका माणसाला फाशी दिली होती. एकालाच, सगळ्या नोकरीत. मारुती त्याचं नाव. शेतावरच्या घरात मालकाचा आणि मालकिणीचा जीव घेतला होता. पुराव्याबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. हायकोर्टाने शिक्षा कायम केली. त्याच सुमारास माझी बदली झाली. त्याने पुढे दयेचा अर्ज केला असं कानावर आलं, आणि त्यानंतर मी वर्तमानपत्रातलं ते पान वाचणं सोडलं. कुणी विषय काढला तर उठून जायचे. आता सोळा वर्षं झाली.

"म्हणजे त्याचं काय झालं?"

"मला माहीत नाही."

"तो जिवंत आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. मी विचारलंच नाही."

ओनोदेरा-सानने भाताचा गोळा माझ्यापुढे ठेवला.

शेवटची पानं

सकाळी धुकं तसंच होतं. खिडक्यांपलीकडे नुसता पांढरा पडदा. कान्नो-सानने पानांवर वाफ धरली आणि बांबूच्या पातळ पट्टीने एकेक कोपरा सोडवायला घेतला. एवढ्या सावकाश हाताने काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. दोन तासांत चार पानं. तीन पानांवर नाव होतं. ते मी वाचलं, ओनोदेरा-सानने सांगितलं.

चौथं पान शेवटचं. हस्ताक्षर कोसळलं होतं. अंथरुणावर पडून लिहिलं असावं. दोनच ओळी.

'कोर्ट नाही.
सायलस टर्न, हजर.'

मी भिंग तसंच धरून ठेवलं. कान्नो-सानने विचारलं. त्यांचं जपानी मला समजलं नसलं तरी प्रश्न समजला. तरीही ओनोदेरा-सानने तो इंग्रजीत सांगितला. "ते विचारतात, शेवटपर्यंत येत होता का?"

ओनोदेरा-सानने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत कालची विनंती होती. एक 'नाही' म्हणायचं होतं. वही त्यांची, भाषा परकी, वाचणारी मी एकटी. आणि समोर बसलेला माणूस चार वर्षं रोज सहा पेले मांडत होता. तोंडात 'नाही' आलंही होतं. पण छत्तीस वर्षं मी नोंदी वाचल्या होत्या, आणि जे लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळं एकदाही वाचलं नव्हतं. शिवाय मला वाटलं, की ज्याने मला धुक्यातून हाक मारून बाहेर काढलं, त्याला मी खोटं सांगू शकत नाही.

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

ओनोदेरा-सानने माझ्यावरची नजर कान्नो-सानकडे वळवली. मग त्यांनीही खरं तेच सांगितलं.

कान्नो-सानने डोळे मिटले. मला वाटलं, मी या माणसाला मोडलं. मग त्यांचे खांदे खाली आले, कुणीतरी वरून ओझं उतरवावं तसे, आणि ते म्हणाले, "योकात्ता." हा शब्द मला ईरामुळे माहीत होता. हरवलेली छत्री सापडली की ती म्हणायची. बरं झालं.

ते बराच वेळ बोलले. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं बोलताना ऐकत होते. ओनोदेरा-सानचा आवाज सांगताना अडखळत होता. "सगळे त्यांना म्हणतात, विसरा, हळूहळू जातील. डॉक्टरही म्हणाले, एक दिवस थांबेल. त्याचीच त्यांना भीती वाटायची. ते सहा जण त्यांच्या शब्दावरून परत फिरले. एका मुलीचा अजून पत्ता नाही. कान्नो-सानकडे यायचं थांबले तर ते कुठे जातील? नाव धरून ठेवणारा एक माणूस मरेपर्यंत असू शकतो, हे त्यांना कळलं. बरं झालं म्हणतात."

मग कान्नो-सान माझ्याकडे वळले आणि थेट मलाच काहीतरी विचारलं.

"मी त्यांना सकाळी सांगितलं," ओनोदेरा-सान म्हणाल्या. "माफ करा. ते विचारतात, तुमच्या माणसाचं नाव काय?"

"मारुती."

"मारुति-सान," कान्नो-सान म्हणाले. त्यांनी वहीच्या नोंदीच्या कागदावर पेन्सिलीने ते त्यांच्या लिपीत लिहिलं, मला दाखवलं आणि विचारलं, "तो कुठे आहे?"

सहा जणांपैकी कोण कुठे सापडलं आणि कोण अजून सापडलं नाही, हे या माणसाला ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. सोळा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. घरच्यांनी प्रेमाने विचारला नाही, सहकाऱ्यांनी रीत म्हणून नाही.

दुपारच्या बसने मी निघाले. ओनोदेरा-सानने अक्रोडाची पेस्ट लावलेले तांदळाचे गोळे बांधून दिले. कान्नो-सान थांब्यावर वाकून उभे होते, बस बोगद्यात शिरेपर्यंत.

पुणे

परत आल्यावर पहिला आठवडा सामान लावण्यात, फोटो दाखवण्यात गेला. लोकांनी फुजी पर्वत पाहिला का म्हणून विचारलं. पाहिला, लांबून. आठव्या दिवशी मी एका जुन्या ओळखीच्या वकिलांना फोन केला. नाव सांगितलं. त्यांनी दोन तासांत उलट फोन केला. एवढंच लागलं. दोन तास.

दया मंजूर होऊन शिक्षा जन्मठेपेवर आली होती, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. तो जिवंत होता. कारागृहातल्या सुतारकामाच्या विभागात होता.

परवानगी मिळायला वेळ लागला. कारागृहाच्या अधीक्षकांना कळेना, मला नेमकं काय हवंय. मलाही सांगता येईना. एका सकाळी, दहाच्या सुमारास, त्यांनी त्याला कचेरीच्या बाजूच्या खोलीत आणलं. जाड झाला होता, कानाशी केस पिकलेले, कपड्यांवर लाकडाचा भुसा. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने हात जोडले.

"बाईसाहेब," तो म्हणाला.

"ओळखलंत?"

तो माझ्याकडे निरखून बघत राहिला, काहीतरी जुळत नसल्यासारखा.

"म्हाताऱ्या झालात," तो म्हणाला. "मला दिसता त्या अजून काळ्या केसांच्याच आहात."

"मी कधी दिसते?"

"रोज," मारुती म्हणाला, आणि भिंतीजवळची खुर्ची ओढून त्याने मला बसायला दिली.